भुताचे नाव आणि भुताचे रूप : ‘कितारो’ ते ‘तुंबाड’

भयकथा या प्रकाराला मराठी समीक्षेने बहुधा ओसरीवरच बसवून ठेवले आहे. तिची वाचकप्रियता मान्य करायची, तिच्यावर ‘रंजनवादी’ असा शिक्का मारायचा आणि पुढे जायचे, असा हा व्यवहार. शिक्षणाने घडलेल्या विवेकनिष्ठ अभिरुचीला भुताखेतांचे वाङ्मय अंधश्रद्धेचे वाहक वाटते. त्यातच ते परक्या भाषेतून उचललेले असेल, तर त्याच्या वाट्याला उसनवारीचाही दोष येतो. या दोन आक्षेपांमुळे एक महत्त्वाचा प्रश्न विचारलाच गेला नाही. भूत एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते तेव्हा त्याचे काय होते? हा प्रश्न नीट मांडायचा तर एका जपानी चित्रमालिकेचा दाखला उपयोगी पडतो.

शिगेरू मिझुकी (१९२२–२०१५) यांच्या ‘गेगेगे नो कितारो’ या मालिकेला ‘मूळ संहिता’ अशी नाहीच. मृत मातेच्या पोटी थडग्यात जन्मलेले मूल हे बीज लोककथेतले. तेथे मेलेली आई आपल्या अर्भकासाठी रात्री दुकानातून मिठाई नेते. १९३०च्या दशकात या बीजावर कामिशिबाईचा खेळ उभा राहिला. कामिशिबाई म्हणजे रस्त्यावर चित्रफलक सरकवत कथा सांगणे. मिझुकींनी १९५०च्या दशकात तो खेळ पुन्हा रचला, १९६० पासून भाड्याने मिळणाऱ्या चित्रपुस्तकांत नेला, १९६५ मध्ये तो मुलांच्या साप्ताहिकात आला आणि १९६८ मध्ये दूरचित्रवाणीवर. या प्रवासात थडग्यातला ओंगळ, भयप्रद पोरगा माणसांचा कैवारी झाला. ‘स्मशानातला कितारो’ हे नावही गळून पडले. रूपांतर म्हणजे मुळाचा ऱ्हास, असे मानणाऱ्या समीक्षेची येथे पंचाईत होते. ऱ्हास कोणापासून मोजायचा, हेच ठरत नाही.

कामिशिबाईचे वर्णन वाचताना मराठी वाचकाला पिंगुळीचे चित्रकथी आठवल्यावाचून राहत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाने चित्रांच्या पोथ्या आणि कथागायन यांची परंपरा जपली. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्रीही मिळाली. मात्र चित्रकथीकडून छापील चित्रकथेकडे जाणारी वाट मराठीत पडली नाही. चित्रकथी प्रामुख्याने रामायण-महाभारताच्या आख्यानांतच राहिली, तर छापखान्याने भूत उचलले ते केवळ शब्दांत. मराठी भयकथेत चित्र आले तर मुखपृष्ठावर. आत सगळे काम विशेषणांनी करायचे. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या लेखनातील वातावरणनिर्मितीची दीर्घ वर्णने अनेकदा पसरट वाटतात, हे खरे. पण त्यांचे हे शब्दबाहुल्य चित्राच्या अभावाचीही भरपाई करत होते, हे ध्यानात घ्यायला हवे. वितरणाच्या बाबतीत मात्र दोन्ही परंपरा एकमेकींजवळ येतात. जपानमध्ये भाड्याची पुस्तकालये, तर इकडे वाचनालये. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर पुसदसारख्या तालुक्याच्या गावीही वाचनाची भूक विकतच्या पुस्तकांपेक्षा वाचनालयाच्या पुस्तकांवरच अधिक भागली.

दोन परंपरांतला खरा भेद नावाचा आहे. जपानी योकाईंना तोरियामा सेकिएन याने १७७६ पासून चित्रसंग्रहांतून रूपे दिली. मिझुकींनी तोच वारसा पुढे नेला. तेथे एकेका योकाईला आकार, सवय आणि पुष्कळदा स्वतःचे गाव असते. मराठी भुतांना आकार फारसा नसतो. असते ते सामाजिक स्थान. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली स्त्री. वासना धनात गुंतलेला ब्राह्मण समंध होऊन ठेव्यावर बसतो. वय, लिंग, जात, संस्कार आणि अपुरी राहिलेली इच्छा एवढे सांगितले की मराठी भुताचा परिचय संपतो. ती एक प्रकारे समाजरचनेचीच उलटी नोंदवही आहे. एकच प्रसंग दोन संस्कृतींत किती वेगळा वळतो ते पाहावे : बाळंतपणात गेलेली जपानी आई मिठाई विकत घेते, मराठी आई झाडावर बसून वाटसरूला धरते. मराठी लोकमानसाने या स्त्रीला वात्सल्य नाकारून केवळ भय दिले, हे आपल्या कथाकारांना क्वचितच खटकले.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून आले. कथेशी त्या कादंबरीचा संबंध नाही. कथाबीज धारपांचे. ते दिग्दर्शकाला पुस्तकातून भेटले नाही. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात रात्री एका मित्राने ते सांगितले, असे त्यांनीच नमूद केले आहे. धारपांच्या ‘आजी’ या कथेमागे स्टीफन किंग यांची १९८४ मधील आजीचीच कथा उभी आहे : घरात एकटा उरलेला मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली चेटकीण आजी. किंग यांच्या कथेत ‘हास्तुर’ हे नाव मंत्रासारखे उच्चारले जाते, आणि तेही त्यांचे नव्हे. अँब्रोज बिअर्स यांनी १८९१ मध्ये ते मेंढपाळांच्या कनवाळू देवाला दिले होते. पुढे चेंबर्स आणि लव्हक्राफ्ट यांच्या हातून ते अनिष्टाचे नाव झाले. ‘तुंबाड’मधील ‘हस्तर’ हा या नावाचा सध्याचा मुक्काम. अमेरिकन मेंढपाळाचा देव कोकणच्या पावसात सोन्याची नाणी बाळगत बसलेला दिसावा, यात उसनवारी शोधणाऱ्याला भरपूर सापडेल. पण ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ करणाऱ्या देवलांना नाट्यसमीक्षेने जे औदार्य दाखवले, ते भयकथेलाच का नाकारावे?

उसने घेतलेल्या नावात चित्रपटाने काय भरले, हा अधिक मोलाचा भाग. किंग यांच्या कथेचा विषय वारसा आहे, लोभ नव्हे. चित्रपटात समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर सोने आणि धान्य या दोन्हींचा हव्यास धरतो. सोने त्याला मिळते, धान्य मिळत नाही; म्हणून तो सदैव भुकेला. कणकेची बाहुली टाकून त्याला गुंतवायचे आणि त्याच्या लंगोटातली नाणी ओरबाडायची, हा विनायकरावाचा धंदा. भीतीची ही संपूर्ण यंत्रणा स्वयंपाकघरातली आहे. पीठ, भूक, घास हे शब्द मराठी घराला परके नाहीत, आणि पिठाच्या आकृतीची दहशत कुठल्याही अमेरिकन कथेतून येऊ शकत नाही. हस्तर हे आयात केलेल्या नावाखालचे ठेव्यावरचे समंधच होय. मात्र येथे एक चलाखीही आहे. समंध म्हटले असते तर जात उघड बोलली असती. हस्तर म्हटल्याने लोभ वैश्विक होतो. ब्राह्मण वाडा, विधवा आई, ‘सरकार’ची रखेली असलेली स्त्री हे सर्व पडद्यावर आहे, पण दैवतकथा त्यावर पांघरूण घालते. चित्रपटाचे दृश्यवैभव निःसंशय असले, तरी हे पांघरूण समीक्षेने उचलून पाहायला हवे होते.

चित्रपटाचा काळ १९१८ ते १९४७ असा पसरला आहे. स्वातंत्र्य येते आणि वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते; इतिहासाची एवढीच दखल विनायकराव घेतो. याच्याशी ताडून पाहावा असा चित्रपट म्हणजे २०२३ मध्ये जपानमध्ये आलेली कितारोच्या जन्माची कथा. ती १९५६ मध्ये घडते : युद्धातून परतलेला रक्तपेढीचा कर्मचारी, दुर्गम गावातले धनाढ्य घराणे आणि भुतांच्या रक्तावर उभी असलेली त्यांची संपत्ती. मिझुकींनी स्वतः रबाउलच्या आघाडीवर डावा हात गमावला होता. त्यांच्या मालिकेवर आधारलेली ही कृती योकाईंपेक्षा माणसांनाच अधिक भयंकर ठरवते. फरक असा की जपानी चित्रपट लोभाची किंमत चुकवणाऱ्या भुतांच्या बाजूने बोलतो. ‘तुंबाड’मध्ये हस्तराची भूक कोणालाच दुःख वाटत नाही. शेवटी मुलगा पांडुरंग नाणी नाकारतो, तेथे नैतिक निर्णय होतो. करुणा मात्र निर्माण होत नाही. भयानक रसाला करुणाची जोड देण्याची शक्यता हातातून निसटली, असे म्हणावे लागते.

अंधश्रद्धेच्या आक्षेपाचे उत्तरही येथेच मिळू शकते. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरतात. म्हणजे विनायकरावाचा उद्योग आजच्या वाचकाला केवळ कल्पित नाही. त्याच लोभाचे गणित मांडणारी भयकथा श्रद्धेचा प्रचार करते की तिचे शवविच्छेदन, हे कृतीगणिक ठरवायचे असते.

एक उणीव भूगोलाची. मराठी भूत जणू कोकणचेच, अशी समजूत दूरचित्रवाणीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ने (२०१६) आणखी पक्की केली. तिची मुळे जुनी आहेत. जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून जमवलेली आणि एन्थोव्हेन यांनी १९१५ मध्ये छापलेली कोकणच्या लोकसमजुतींची टिपणे मुंबई इलाख्यातील होती. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून यवतमाळला जोडलेला पुसद तालुका वऱ्हाडात, म्हणजे त्या इलाख्याबाहेर. त्यामुळे पूस नदीकाठची, सागवानी डोंगरांतली, तांड्यांवरची भुते त्या टिपणांत येण्याचे कारणच नव्हते. मिझुकींच्या साकाइमिनातो या गावी रस्त्याकडेला शंभरावर योकाईंचे कांस्यपुतळे उभे आहेत. आपल्याकडे गावोगावच्या भुतांची साधी यादीही अपुरी. ‘तुंबाड’चे बीज विदर्भातल्या जंगलात सांगितले गेले आणि पडद्यावर येताना त्याला कोकणचा पाऊस लागला, ही गोष्ट केवळ योगायोगाची नाही. काळोख आणि धुके हेच भयाचे नेपथ्य, असे एकदा ठरले की वैशाखातली भर दुपार, ओस पडलेले शिवार आणि बारा वाजता विहिरीकडे जाऊ नकोस असे मुलांना बजावणारी आजी यांना कथेत जागाच उरत नाही. लोकसमजुतीत तर कातरवेळेइतकीच माध्यान्हही भुतांची असते. त्या पांढऱ्या उन्हातले भय लिहिणारा कथाकार अजून वऱ्हाडाला हवा आहे.