निर्जन कलहारीची कल्पना : ‘क्राय ऑफ द कलहारी’चे पुनर्वाचन

मार्क आणि डेलिया ओवेन्स या अमेरिकन दांपत्याचे ‘क्राय ऑफ द कलहारी’ हे अनुभवकथन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७४ साली एक जुनी लँड रोव्हर घेऊन ते बोत्स्वानातील मध्य कलहारी अभयारण्यात पोहोचले आणि डिसेप्शन व्हॅली या प्राचीन, कोरड्या नदीपात्रात तंबू ठोकून सुमारे सात वर्षे राहिले. आफ्रिकेच्या दक्षिण भागात स्वतःच्या वाहनाने हिंडून वन्यप्राण्यांच्या सान्निध्यात मुक्काम करण्याच्या आकांक्षेचे अत्यंत ठळक रूप या ग्रंथात आढळते.

ग्रंथाचे सामर्थ्य छावणीच्या चित्रणात आहे. कुंपण नसलेला झाडांचा एक पुंजका, पिंपांतून वाहून आणावे लागणारे पाणी, रात्री तंबूपाशी येणारे सिंह हे सर्व कोणत्याही आविर्भावाविना येते. तपकिरी तरस हा एकलकोंडा प्राणी मानला जात असे. त्याचा कळप सामाईक बिळात पिलांचे संगोपन करतो, हे लेखकांचे निरीक्षण कथनाच्या ओघातच उलगडते. ‘बोन्स’ या सिंहाच्या मोडलेल्या पायावर त्यांनी केलेली शस्त्रक्रिया आणि पुढे शिकाऱ्याच्या गोळीने झालेला त्याचा अंत हा भाग तर विसरता येत नाही. लाळ्या-खुरकूत रोगाच्या नियंत्रणासाठी उभारलेल्या कुंपणांमुळे पाण्यापासून तुटून मेलेल्या वाइल्डबीस्टचे वर्णनही तितकेच प्रभावी आहे. गोमांसाच्या निर्यातीमागील अर्थकारण लेखकांना तेथे अचूक दिसते.

म्हणूनच एक उणीव अधिक खटकते. या विस्तीर्ण प्रदेशात आपण दोघेच माणसे, अशी लेखकांची भूमिका आहे. बुशमन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सान लोकांची बोळवण ‘अश्मयुगीन’ टोळ्यांचा अपवाद म्हणून होते. वस्तुतः जॉर्ज सिल्बरबाउअर यांच्या पाहणीनंतर १९६१ मध्ये हे अभयारण्य स्थापन झाले, तेव्हा वन्यजीवांबरोबरच ग्वी आणि गाना या सान समूहांना त्यांच्या भूमीवर राहता यावे, हाही त्यामागील हेतू होता. तरसांच्या नातेसंबंधांची इतक्या बारकाईने नोंद ठेवणाऱ्या लेखणीने या माणसांना नावेही देऊ नयेत, ही केवळ जागेची मर्यादा म्हणता येणार नाही. निर्जनता ही येथे भौगोलिक वस्तुस्थितीपेक्षा कथनाची गरज आहे. शेजारी असते तर साहस उणावले असते.

१९९७ आणि २००२ मध्ये शासनाने रहिवाशांना अभयारण्याबाहेर हलविले. यांपैकी २००२ ची कारवाई त्यांच्या संमतीविना व बेकायदा झाल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये दिला. परंतु पाणीपुरवठ्यासारख्या सेवा पूर्ववत करण्याचे बंधन शासनावर घातले नाही. स्वखर्चाने कूपनलिका वापरण्याच्या अधिकारासाठी त्यांना जानेवारी २०११ मधील अपील न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावे लागले. या घटना ग्रंथानंतरच्या आहेत आणि त्यांचा दोष लेखकांकडे जात नाही. तथापि डिसेप्शन व्हॅलीत आज पर्यटक तंबू ठोकतात, तेव्हा पिण्याचे पाणी त्यांना सोबतच न्यावे लागते. ग्रंथातील पाण्याच्या पिंपांची वर्णने हे ठाऊक असलेल्या वाचकाला निव्वळ साहसकथा म्हणून वाचता येत नाहीत.