आपणच आपला चित्रगुप्त

कॅथॉलिक पंथांतील पापनिवेदनाविषयीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांत एक समज रूढ आहे. पाप करावें, पाद्रीबुवांच्या कानांत सांगावें आणि मोकळें व्हावें, इतका हा विधि सोपा आहे, असें पुष्कळांस वाटतें. गोमंतकांत ज्यास 'कुमसार' म्हणतात तो हाच विधि. लाकडी जाळीपुढें गुडघे टेकलेला मनुष्य आपण चित्रांत पाहतों; परंतु तेथें येण्यापूर्वीं त्यानें एकट्यानें जें काम केलेलें असतें, तें चित्रांत येत नाहीं. जुन्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत या विधीचीं पांच अंगें सांगितलेलीं असतात : आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, पुन्हां तसें न करण्याचा निश्चय, निवेदन आणि प्रायश्चित्त. ज्याची एवढी प्रसिद्धि झाली तें निवेदन या क्रमांत चौथें आहे. पहिला मान झडतीचा आहे. ही झडती कशी घ्यावी हें शिकविण्यासाठीं जें लेखन झालें, त्याचा वाङ्मय या नात्यानें थोडा विचार करावा, असा या लेखाचा हेतु आहे.

या लेखनाची पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. १२१५ सालीं भरलेल्या चवथ्या लॅटरन परिषदेनें असा नियम घातला कीं, कळत्या वयास पोंचलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषानें वर्षांतून निदान एकदां आपल्या धर्मगुरूजवळ आपलीं पापें सांगावीं. ऐकणाऱ्यानें कुशल वैद्याप्रमाणें वागावें, आणि ऐकलेलें बाहेर फोडणाऱ्या गुरूस पदच्युत करून जन्मभर मठांत प्रायश्चित्त भोगावयास लावावें, असेंही त्याच नियमांत आहे. पुढें १५५१ सालीं ट्रेंटच्या परिषदेनें आणखी बारकावा आणला. नीट आत्मपरीक्षण करून जीं गंभीर पापें आठवतील तीं सर्व सांगावीं, आणि ज्या परिस्थितीमुळें पापाची जात पालटते तीही सांगावी, असें ठरलें. चोरी ती चोरीच. पण देवाच्या वस्तूची चोरी ही निराळ्या जातीची. तेव्हां 'मी पापी आहें' एवढ्या मोघम शब्दांनीं भागेनासें झालें. काय केलें, कितीदां केलें, कोणत्या स्थितींत केलें, हें आधीं स्वतःस विचारणें भाग पडलें. आपल्याकडे हिशेबाची वही चित्रगुप्ताजवळ असते आणि ती उघडली जाते मेल्यावर. ट्रेंटच्या निर्णयानें ती वही जित्या माणसाच्याच हातीं दिली.

या वहीचा सर्वांत काटेकोर नमुना पाहावयाचा तर इग्नेशियस लोयोला यांचें 'आध्यात्मिक साधना' हें छोटें पुस्तक पाहिलें पाहिजे. इग्नेशियस हे स्पेनमधील बास्क प्रांतांतले सरदारपुत्र. १५२१ सालीं पांप्लोनाच्या लढाईंत तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला, आणि तेथून त्यांचें आयुष्य पालटलें. त्यांनीं स्थापन केलेल्या जेझुइट संघाचे फ्रान्सिस झेवियर १५४२ त गोव्यास आले, आणि १६१६ सालीं रायतूर येथें ज्यांचें मराठी 'ख्रिस्तपुराण' छापलें गेलें ते फादर स्टीफन्सही याच संघाचे. म्हणजे अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या रचणारा हा इंग्रज कवि या पुस्तकाच्या शिस्तींत वाढलेला होता. पुस्तकास पोपची मान्यता १५४८ त मिळाली. तें वाचण्यासाठीं लिहिलेलें नाहीं, करण्यासाठीं लिहिलेलें आहे. त्यामुळें त्याची शैली वैद्याच्या चिठ्ठीसारखी रुक्ष आहे. अलंकार नाहींत, पाल्हाळ नाहीं. अमुक करावें, नंतर तमुक करावें, संपलें.

त्यांत परीक्षणाचे दोन प्रकार आहेत. पहिला एका विशिष्ट दोषापुरता. साधकानें स्वतःचा एकच दोष निवडावा. सकाळीं उठतांच आज तो टाळीन असा निश्चय करावा. दुपारच्या जेवणानंतर तासातासाचा हिशेब घ्यावा आणि जितक्यांदा घसरला असेल तितके ठिपके एका रेघेवर मांडावे. रात्रीं पुन्हां तसेंच करून ठिपके दुसऱ्या रेघेवर मांडावे. रविवारपासून शनिवारपर्यंत अशा रेघांच्या सात जोड्या पुस्तकांत आंखून दिलेल्या आहेत. मग दुपार व रात्र, आज व काल, हा आठवडा व मागचा आठवडा यांची तुलना करावयाची. दोष घडतांच छातीवर हात ठेवावा, म्हणजे चारचौघांतही कोणास न कळतां आपली आपणांस खूण पटते, अशीही सूचना आहे. दुसरा प्रकार सर्वसाधारण परीक्षणाचा. त्याच्या पांच पायऱ्या आहेत : मिळालेल्या उपकारांबद्दल ईश्वराचे आभार मानणें, आपलीं पापें ओळखण्याची कृपा मागणें, उठल्यापासूनच्या वेळाचा हिशेब आधीं विचारांचा, मग वाणीचा, मग कृतीचा असा घेणें, क्षमा मागणें, आणि सुधारण्याचा निश्चय करणें.

या ठिपक्यांच्या रेघा पाहून सुसंस्कृत वाचकाच्या मनांत पहिला विचार येतो तो तिरस्काराचा. अंतःकरण म्हणजे काय वाण्याची रोजकीर्द आहे, कीं रोजच्या रोज नोंद करून आठवड्यास मेळ घालावा? हा आक्षेप उथळ नाहीं, आणि तो सर्वांत प्रभावी रीतीनें मांडला आहे जेझुइटांच्याच शाळेंत शिकलेल्या एका लेखकानें. जेम्स जॉइस यांच्या १९१६ सालच्या 'ए पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट ॲज ए यंग मॅन' या कादंबरींतील स्टीफन हा सोळा वर्षांचा मुलगा नरकावरील प्रवचनें ऐकून हादरतो. तीं प्रवचनें ज्या साधनासप्ताहांत होतात तो झेवियर यांच्याच सन्मानार्थ भरलेला असतो. स्टीफन एका वृद्ध कॅपुचिन साधूजवळ सर्व सांगून मोकळा होतो, आणि पुढील प्रकरणांत कडक धर्माचरणास लागतो. तेथें जॉइस एक जीवघेणी उपमा योजतात. प्रार्थना करतांना स्टीफनला वाटतें कीं, आपण दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रावर बोटें दाबीत आहों आणि रक्कम तत्काळ स्वर्गांत उमटत आहे. झडतीचा व्यापार झाला, तो असा. पुढें त्याच मुलास शंका छळूं लागते : भीतीनें घाईघाईंत केलेलें तें पहिलें निवेदन खरें होतें ना?

जॉइस यांची टीका मर्मीं लागणारी आहे. तरी इग्नेशियस यांचें पुस्तक तिनें बाद होतें असें आम्हांस वाटत नाहीं. कारण या व्याधीचा पहिला रोगी स्वतः ग्रंथकारच होता. मोन्सेरात येथें इग्नेशियस यांनीं आपलीं सर्व पापें लिहून काढून तीन दिवस निवेदन केलें होतें. तरीही नंतर मान्रेसा गांवीं राहत असतां कांहीं तरी सांगावयाचें राहिलें, या शंकेनें त्यांस ग्रासलें. पुन्हां निवेदन, पुन्हां शंका. खोलींतील एका मोठ्या भोंकांतून स्वतःस झोकून द्यावें, अशी ऊर्मि वारंवार येऊं लागली. आठवडाभर अन्नपाणी सोडूनही शांति मिळेना. शेवटीं गुरूच्या आज्ञेनें उपास सोडावा लागला. अखेर यापुढें गतकाळचें कोणतेंही पाप पुन्हां निवेदन करावयाचें नाहीं, असा निश्चय त्यांनीं केला आणि ते सुटले. ही हकीकत त्यांनीं उतारवयांत आपल्या सहकाऱ्यास सांगितली, तीही 'मी' न म्हणतां 'यात्रेकरू' म्हणून, तिऱ्हाइतासारखी.

ही पार्श्वभूमि ध्यानांत घेतली म्हणजे पुस्तकाचा रुक्षपणा निराळा दिसूं लागतो. रेघांवर ठिपके मांडावयाचे ते एकाच दोषाचे; सगळ्या दोषांचे नव्हेत. हिशेबास दिवसांतून दोन वेळा ठरलेल्या आहेत. अष्टौप्रहर स्वतःवर पाळत ठेवावी, असें सांगितलेलें नाहीं. आणि सर्वसाधारण परीक्षणाची पहिली पायरी पापाची नसून कृतज्ञतेची आहे. खतावणींत आधीं जमा, मग नांवें! भयानें थरकापलेल्या माणसास हा क्रम सुचला नसता. पुस्तकाच्या शेवटीं शंकेखोर वृत्तीविषयीं जे नियम दिले आहेत त्यांतील एक उदाहरण पाहा. वाटेनें जातां दोन काड्यांच्या नकळत झालेल्या क्रुसावर पाय पडला आणि मनुष्यानें आपण होऊन तें पाप ठरविलें, तर ती केवळ चुकीची समजूत होय. परंतु पाय पडून गेल्यावर, पाप झालें असें एकीकडे वाटतें आणि एकीकडे वाटत नाहीं, अशी जी तगमग लागते, ती खरी शंका. अशी शंका थोडा काळ उपकारकही ठरते, असें ते म्हणतात. मात्र ज्याचें मन फार हळुवार त्यास शत्रु आणखी हळुवार करूं पाहतो, आणि ज्याचें मन निबर त्यास आणखी निबर. म्हणून प्रत्येकानें उलट दिशेस झुकावें, असा त्यांचा सल्ला आहे. मनुष्यस्वभावाचें इतकें नेमकें ज्ञान कित्येक जाडजूड कादंबऱ्यांत सांपडत नाहीं.

आतां याच्या शेजारीं ललित वाङ्मयांतील सर्वांत प्रसिद्ध कबुली ठेवून पाहूं. रूसोचें 'कन्फेशन्स' त्याच्या मृत्यूनंतर, १७८२ पासून प्रसिद्ध होऊं लागलें. त्याच्या दुसऱ्या भागांत एका फितीची गोष्ट आहे. तूरीन येथें नोकरींत असतां तरुण रूसोनें एक जुनी फीत चोरली, आणि पकडला गेल्यावर मारियों नांवाच्या स्वयंपाकीण मुलीनें ती आपणांस दिली, असें सांगितलें. दोघांचीही नोकरी गेली. हा प्रसंग वाचतांना काळजाचें पाणी होतें. परंतु रूसो तेथें थांबत नाहीं. त्या मुलीविषयीं मनांत स्नेह होता म्हणूनच तिचें नांव तोंडीं आलें, सर्वांसमक्ष लाज वाटली म्हणून शब्द फिरविवेना, असें तो समजावीत बसतो. शेवटीं या गोष्टीविषयीं पुन्हां कधीं न बोलण्याची मुभा मागतो; आणि आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या 'एकाकी भ्रमंती'च्या चौथ्या प्रकरणांत त्याच फितीकडे पुन्हां वळतो.

येथें दोन्ही लेखनांतील खरा भेद दिसतो. परिस्थिति सांगावयास ट्रेंटही सांगते; पण ती पापाची जात ठरविण्यापुरती. रूसोची परिस्थिति पापाचें वजन कमी करण्यासाठीं येते. शिवाय रूसोचा श्रोता म्हणजे सर्व जग, आणि जगाला 'पुरे, आतां घरीं जा' असें म्हणतां येत नाहीं. वाचक हळहळेल, वाहवा करील किंवा निंदा करील. मोकळें करणें त्याच्या हातीं नाहीं. म्हणून ती कबुली संपत नाहीं. आपल्या संतांच्या अभंगांतही स्वतःचे दोष निर्भीडपणें उघडे केलेले आहेत. तुकोबांइतकी कठोर झडती कोणीं घेतली असेल? परंतु तेथें मोजदाद नाहीं आणि मधला मनुष्यही नाहीं. गाऱ्हाणें थेट विठ्ठलापुढें आहे, आणि भोंवतालचा वारकरी तें आपलेंच म्हणून गातो. त्या काव्याचा तोल भक्तीनें सांभाळला जातो. ज्यास तेवढी भक्ति लाभलेली नाहीं, अशा सामान्य माणसासाठीं नियम, यादी आणि ऐकणारा कान यांची योजना झाली, असें म्हणतां येईल.

या ऐकणाऱ्या कानाविषयीं मात्र सावध राहिलें पाहिजे. जो ऐकतो त्याच्या हातीं सत्ता येते. फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांनीं १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, पाश्चात्त्य समाजानें माणसास कबुली देणारा प्राणी बनविलें, आणि ही संवय चर्चमधून वैद्यक, न्याय व शिक्षण यांत पसरली. हा आरोप झटकून टाकण्याजोगा नाहीं. प्रश्नांची यादी ज्यानें केली, पाप काय हें त्यानेंच ठरविलें. आणि यादींत जें नाहीं तें पाप आठवेलच कसें? घरांतील मनुष्य स्वतःच्या क्षणिक वाईट विचारांचे ठिपके मोजतो आणि मोलकरणीच्या थकलेल्या पगाराचा ठिपका मांडीत नाहीं, असें घडूं शकतें. या पद्धतीचा हाच आमच्या मतें सर्वांत मोठा दोष. चर्चलाही तो कांहीं अंशीं जाणवला असावा. १९७३ सालच्या नव्या विधिग्रंथास परीक्षणाचा जो नमुना जोडला आहे, त्यांत ईश्वरावरील प्रेम, शेजाऱ्यावरील प्रेम आणि स्वतःची पूर्णता असे तीन भाग आहेत. आणि आपल्यापेक्षां कमनशिबी असलेल्यांस आपण वांटा देतों काय, पीडितांस साह्य करतों काय, असेही प्रश्न त्यांत आले आहेत. यादी बदलतां येते, हें यावरून सिद्ध होतें. आणि जी बदलतां येते ती तपासणें हेंही परीक्षणाचेंच एक अंग मानलें पाहिजे.

सारांश, हें लेखन दोन कसोट्यांवर पारखावें. तें माणसास नेमकें बोलावयास लावतें काय, आणि बोलून झाल्यावर थांबावयास शिकवितें काय? पहिल्या कसोटीस या वर्गांतील बहुतेक पुस्तकें उतरतात. दुसरीस थोडींच उतरतात, आणि त्यांत इग्नेशियस यांच्या पुस्तकाचें स्थान वरचें आहे. ज्यांस त्यांचा धर्म मान्य नाहीं त्यांनींही तें एकदां चाळून पाहावें. त्यांतील कोऱ्या रेघा वाचकाची वाट पाहत असतात, आणि कोणता दोष प्रथम निवडावा, या एका प्रश्नालाच पुष्कळांची संध्याकाळ पुरेल.