‘दादर’ : रूप एक, शब्द अनेक

शब्दांच्या व्युत्पत्ति शोधणें हा विद्वानांच्या निरुपद्रवी छंदांपैकीं एक छंद आहे, अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत असते. आम्हांस ती मान्य नाहीं. चुकीच्या व्युत्पत्तीनें कोशांतील एक ओळ तेवढी बिघडते असें नव्हे. एका शब्दाचें घर दुसऱ्याच्या नांवावर चढतें, आणि ज्या लोकांनीं तो शब्द आपल्या जिभेवर जतन केला ते आपल्याच भाषेंत उपरे ठरतात. हें विधान अतिशयोक्तीचें वाटूं नये म्हणून आज आम्ही एकच शब्द परीक्षणास घेत आहों. तो शब्द ‘दादर’.

मुंबईच्या वाचकास यांत नवल कसलें, असें वाटेल. त्याच्या लेखीं दादर म्हणजे दोन रेल्वेमार्गांचीं स्थानकें शेजारीं असलेली एक गजबजलेली वस्ती. घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस विचारलें तर तीं सांगतील कीं, दादर म्हणजे जिना, अथवा लहानसा पूल. आतां हाच वाचक खानदेशांत म्हसावदला गेला आहे अशी कल्पना करा. शहादे तालुक्यांतील हें गांव सातपुड्याच्या पायथ्याशीं आहे. पूर्वीं तें पश्चिम खानदेशांत व पुढें धुळें जिल्ह्यांत मोडे, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें. तेथें कोणी शेतकरी ‘यंदा दादर चांगली आली’ असें म्हणाला, तर आमच्या पाहुण्यास जिना कसा आला कीं स्थानक कसें आलें, याचा कांहींच उलगडा होणार नाहीं. ती दादर ज्वारी आहे.

तापीच्या खोऱ्यांतील काळ्या, खोल, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनींत ही रब्बीची ज्वारी पिकते. पावसाळा सरत आला कीं तिची पेरणी होते, आणि पुढें जमिनींतील मुरलेल्या ओलीवर ती वाढते. तिचें धाट उंच, तिचा कडबा गुरांस प्रिय आणि तिच्या भाकरीस एक गोडवा असतो. खानदेशी माणसास वांग्याच्या भरिताबरोबर दादरची भाकरी मिळाली म्हणजे त्यास आणखी कांहीं नको असतें. तेव्हां ज्यास आपण ‘अपरिचित अर्थ’ म्हणतों तो एका संबंध प्रांताच्या ताटांतील रोजचा शब्द आहे. अपरिचित कोणास, हा प्रश्न आपण विचारीत नाहीं, इतकेंच.

अर्थ एवढेच नाहींत. म्हसावदहून गुजरातची सीमा फार दूर नाहीं. गुजरातींत दादर म्हणजे जिना हा अर्थ आहेच. शिवाय हिंदींत ज्यास दाद आणि मराठींत ज्यास गजकर्ण म्हणतात त्या त्वचारोगासहि गुजराती माणूस दादरच म्हणतो. संगीतांत सहा मात्रांचा दादरा ताल आहे आणि त्याच नांवाचा एक गीतप्रकारहि आहे. १९५४ सालीं पोर्तुगीजांच्या अमलांतून सुटलेलें दादरा हें गांवहि वाचकांस आठवेल. हिंदी काव्यांत बेडकास दादुर म्हणतात. तुलसीदासांच्या वर्षावर्णनांत तो आहे.

इतकीं सारखीं रूपें एका ठिकाणीं पाहिलीं कीं व्युत्पत्तिकाराचा हात शिवशिवूं लागतो. या सर्वांचें मूळ एकच असलें पाहिजे, असें तो प्रथम ठरवितो आणि मग तें शोधावयास निघतो. संस्कृतांत ‘दर्दुर’ शब्द आहे, आणि तो स्वतःच बहुरूपी आहे. दर्दुर म्हणजे बेडूक. नाट्यशास्त्रांत मृदंग व पणव यांच्या जोडीस सांगितलेलें घटासारखें वाद्य तेंहि दर्दुर. आणि रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत मलयाच्या जोडीनें येणारा दक्षिणेंतील पर्वत तोहि दर्दुर. इतकी सामग्री हाताशीं असल्यावर काय सिद्ध करतां येणार नाहीं? पावसाळ्यांतील दर्दुरांचा घोष थांबला कीं जी पेरावयाची ती दादर, असें एक म्हणेल. दुसरा म्हणेल, छे! उंच धाटावर पेरांच्या पायऱ्या एकीवर एक चढत गेलेल्या असतात, म्हणून ती जिन्याची दादर. दोन्ही उपपत्ति आम्हीं येथें लिहितां लिहितां रचल्या, आणि दोन्ही कानास गोड लागतात. परंतु एकाच शब्दाचीं परस्परविरोधी दोन मुळें इतक्या सहजपणें रचतां येतात, यावरूनच त्या रीतीचा पोकळपणा उघड होतो. जी रीत कांहींहि सिद्ध करूं शकते ती कांहींच सिद्ध करीत नाहीं.

हा मोह लहानसहान लेखकांनाच होतो असें नाहीं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा देहांत १९२६ सालीं धुळ्यास झाला, आणि त्यांचें व्युत्पत्तिविषयक लेखन पुढें तेथील राजवाडे संशोधन मंडळानें प्रसिद्ध केलें. राजवाड्यांनीं कागदपत्रांसाठीं जी पायपीट केली तिच्यापुढें आम्ही नम्र आहों. तथापि मराठी शब्द दिसला कीं त्याच्या पाठीशीं संस्कृत धातु उभा करावयाचा, हा त्यांचा हव्यास त्यांच्या बुद्धीच्या तेजामुळेंच अधिक घातक झाला. त्यांच्या ठिकाणीं निदान अफाट व्यासंग होता. त्यांच्या अनुकरणकारांच्या ठिकाणीं नुसता हव्यास उरला.

मग व्युत्पत्ति करूंच नये काय? अवश्य करावी, पण साक्षीपुरावा घेऊन करावी. आमच्या मतें अशा खटल्यांत निदान तीन साक्षी तपासल्या पाहिजेत. पहिली साक्ष ध्वनीची. कर्माचें कम्म व काम झालें, सर्पाचा सप्प व साप झाला. त्याच नियमानें दर्दुराचा दद्दुर व दादुर होतो, आणि दद्रूपासून दाद निघते. येथें ध्वनि व अर्थ दोन्ही जुळतात, म्हणून या दोन व्युत्पत्ति टिकतात. दुसरी साक्ष व्याकरणाची. जिना तो दादर, ज्वारी ती दादर आणि मुंबईचें तें दादर. जिभेवर एकच असणारें रूप मराठीनें तीन लिंगांत वांटून दिलें आहे. ज्यांनीं कधीं व्याकरणाचें पुस्तक उघडलें नाहीं ते लोकहि हीं लिंगें चुकवीत नाहींत. ते हे शब्द निरनिराळे मानतात, हेंच यावरून दिसतें. तिसरी साक्ष भूगोलाची. जिन्याचा दादर मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांत नांदतो. मुंबईच्या दादरचें नांव त्या जिन्यावरून किंवा पुलावरून पडलें असें सांगतात, आणि अर्थदृष्ट्या त्यांत अशक्य कांहीं नाहीं. ज्वारीची दादर मात्र तापीच्या कांठची आहे. तिला जिन्याशीं किंवा बेडकाशीं जोडण्यास यांपैकीं एकहि साक्ष पुढें येत नाहीं. तिला तिच्या शेतांतच राहूं द्यावें हें बरें.

येथें कोणी विचारील कीं, ही दादर मराठी तरी आहे काय? प्रश्न नवा नाहीं. ग्रीअर्सननें आपल्या भाषापाहणीच्या १९०७ च्या खंडांत खानदेशीस मराठीपासून वेगळें काढून भिल्ली बोलींच्या शेजारीं बसविलें. तो निर्णय कोणी मानो वा न मानो. म्हसावदच्या परिसरांत अहिराणी, गुजरी, भिल्ली व पावरी एकमेकींच्या शेजारीं बोलल्या जातात, आणि बाजारांत उभा असलेला माणूस शब्द घेतांना त्याचा दाखला मागत नाहीं. जो शब्द मराठी बोलणाऱ्या घरांत पेरला, दळला व खाल्ला जातो, त्यास मराठी म्हणण्यास आम्हांस आणखी प्रमाण नको.

बहिणाबाई चौधरी यांचीं गाणीं त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं पुस्तकरूपानें आलीं, तेव्हां पुण्यामुंबईच्या रसिकांनीं खानदेशी बोलीचें मोठ्या प्रेमानें स्वागत केलें. तें योग्यच झालें. पण कवितेच्या पालखींतून आलेला शब्द आपण मानानें माजघरांत नेतों, आणि शेतांतून पायीं आलेल्या शब्दास ओटीवरच थांबवितों, ही आपली रीत अजून गेलेली नाहीं.

कोशकारांकडे आमचें मागणें यावरून स्पष्ट होईल. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालीं निघाला आणि १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति आली; दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळांत प्रसिद्ध झाले. या थोर कामांवरच आपण अजून उभे आहों. यापुढील कोशांत मात्र ‘दादर’सारखें रूप एका नोंदींत कोंबून त्यास पहिला, दुसरा, तिसरा असे अर्थ देऊं नयेत. जितके शब्द तितक्या नोंदी असाव्यात, आणि प्रत्येकीस लिंग, प्रांत व बोलणाराचें एक वाक्य जोडलेलें असावें. ‘प्रांतिक’ एवढा शिक्का मारून काम भागत नाहीं. कोणत्या नदीच्या कांठीं, कोणत्या जमिनींत, हें सांगावें लागतें.

याची निकड आहे. शहाद्याकडे जेथें जेथें पाण्याची सोय झाली तेथें ऊस, केळी व पपई यांचे मळे उभे राहिले. ओलीवर येणाऱ्या पिकाची गरज तेथें उरत नाहीं. पिकाबरोबर त्याच्या पेरणीचे, खुडणीचे, मळणीचे शब्दहि निघून जातात, आणि मागें राहतें तें रेल्वेचें दादर. खानदेशांतील आमच्या पदवीधर बंधुभगिनींनीं सुटीस घरीं गेल्यावर आपल्या आजीस दादरविषयीं चार प्रश्न विचारावेत आणि तिचीं उत्तरें तिच्याच शब्दांत लिहून ठेवावींत. व्युत्पत्ति मागाहूनहि करतां येईल. आजीची साक्ष मागाहून मिळणार नाहीं.