मडक्याचं वास्तव

स्पेनात सैपाकघराच्या चित्रांना ‘बोदेगोन’ म्हणतात. वेलास्केझनं १६१८ साली, विशीच्या आतच, अंडी शिजवणारी म्हातारी रंगवली. पितळी खलबत्ता, कांदा, थाळीत पडलेली सुरीची सावली, सगळं हुबेहूब. गरिबाच्या भांड्याला त्यानं मान दिला, हे मी मानतो.

पण मित्रहो, हुबेहूब एवढंच वास्तव नव्हे. आमच्या रेणापूरकडं मडक्याला रंगाआधी जात चिकटली. आम्ही शिवलं की ते बाटायचं. ती जात नुसत्या चकाकीत कशी दिसणार? नागपूरच्या सवी सावरकरांनी अस्पृश्याच्या गळ्यातलं थुंकीचं मडकं रंगवलं. ते चकाकत नाही, मान वाकवतं.

आमच्या कवींनीही नुसती तवा-परात मोजत बसू नये. कुणाला शिवू दिलं नाही, ते लिहावं.