‘वापर बदलत गेला’ – पण कुणाचा?

इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारी वाड्यांवर लिहिलेलं वाचायला घेतलंत, की एक साचा लगेच दिसेल: आधी निवासस्थान, मग युद्धकाळात लष्कर, शेवटी संग्रहालय. आणि वाक्य ठरलेलं – ‘काळानुसार वास्तूचा वापर बदलत गेला.’ जणू काही काळानेच सगळं केलं! माझी हरकत या वाक्यालाच आहे.

लंडनच्या पश्चिमेचं ऑस्टर्ली पार्क घ्या. सोळाव्या शतकात थॉमस ग्रेशम या बड्या व्यापाऱ्याने इथे वाडा बांधला. १७१३ मध्ये तो चाइल्ड या बँकर घराण्याकडे आला. १७६१ पासून रॉबर्ट अ‍ॅडमने त्याचं रूप पालटलं. १९४० मध्ये आवारात होमगार्डना गनिमी युद्धाचं शिक्षण दिलं गेलं. १९४९ मध्ये वाडा नॅशनल ट्रस्टला मिळाला.

यादी अचूक आहे. इमारत कशी टिकली हे समजायला ती उपयोगीही पडते. पण ती कारण सांगत नाही. चाइल्डकडे वाडा ‘आला’ म्हणजे काय? तो कर्जाला तारण होता. कर्ज फिटलं नाही, म्हणून आला. याच घराण्यातले लोक ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक होते. म्हणजे अ‍ॅडमच्या देखण्या दालनांचा हिशोब आपल्याकडच्या व्यापारापर्यंत पोचतो.

त्याहून मोठी गळती सुरुवातीलाच आहे. ग्रेशमने गावाची सामाईक जमीन कुंपणात घेतली. १५७६ मध्ये एलिझाबेथ राणी तिथे मुक्कामी असताना गावकऱ्यांनी ते कुंपण उपटून जाळलं. त्यात बायकाही होत्या. हे आपल्याला कळतं ते गुन्ह्याच्या कागदांमुळे. वास्तुरचनेच्या आराखड्यात ते सापडणार नाही. ‘पार्क’ हा वापर सुरू झाला तेव्हा गावाचा आधीचा वापर बंद पडला. यादीत त्याला ओळच नाही.

तेव्हा तुम्ही गढी, वाडा, संस्थानी राजवाडा, काहीही विषय घेतलात, तरी प्रत्येक टप्प्यापुढे तीन रकाने आखा: पैसा कुठून आला, मालकी कशी बदलली, कुणाचा हक्क गेला. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहील. तो भरायला मालकाचं दफ्तर पुरत नाही. कोर्टाचे आणि महसुलाचे कागद उघडावे लागतात. संशोधन-प्रस्ताव लिहिताना आधी त्या कागदांचा शोध घ्या, शीर्षक नंतर ठरवा.