गायकांचे उच्चार आणि आमचे कान

कोणी नवा गायक नावारूपास आला की आपल्याकडे प्रथम जी चौकशी होते ती त्याच्या गळ्याची नव्हे, त्याच्या गावाची. 'हे मूळचे कुठले?' हा प्रश्न दिसावयास निरुपद्रवी. परंतु त्याच्या उत्तरावर पुढचा बराचसा अभिप्राय अवलंबून असतो. गाव कळले की तेथली बोली आठवते, बोली आठवली की तिच्या खुणा गाण्यात सापडू लागतात, आणि मग त्या खुणांस कोणी 'मातीचा सुगंध' म्हणतो, कोणी 'गावंढळ उच्चार' म्हणतो. सुगंध कोणाच्या वाट्यास येतो आणि गावंढळपणा कोणाच्या, याचा विचार वाशीमसारख्या ठिकाणी बसून मराठी गाणे ऐकणाऱ्या आम्हां वऱ्हाडकरांनी तरी करावयास हवा; कारण या वाटणीत आमच्या पदरी बहुधा दुसरीच वस्तू पडत आली आहे.

मुळात गावावरून गाणे ओळखता येते हा समजच कच्च्या पायावर उभा आहे. मोगूबाई कुर्डीकर यांचे आडनाव गोव्यातील कुर्डी गावाचे. ते गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले; उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे त्याचे अवशेष तेवढे वर दिसतात. मोगूबाईंचे गाणे मात्र घडले ते अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत. लताबाईंच्या आडनावात मंगेशी आहे, पण त्यांचा जन्म १९२९ सालचा, इंदूरचा. सुमन कल्याणपूर यांचा जन्म तर १९३७ साली ढाक्यास झाला. ज्या घरांत त्यांची मराठी भावगीते दोन-तीन पिढ्या ऐकली जात आहेत, त्या घरांतील किती माणसांस हे ठाऊक असेल? आणि ठाऊक झाल्यावर तरी त्यांतला कोणता शब्द बंगाली वाटू लागेल?

उच्चार हा जन्माबरोबर मिळतो खरा, परंतु गायकाच्या बाबतीत तो पुष्कळसा कमावलेला असतो. मराठी गायकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो, असा शेरा दिलीपकुमार यांनी तरुण लताबाईंपुढे मारला होता, ही हकीकत स्वतः लताबाईंनीच सांगितलेली आहे. शेरा बोचरा खरा. परंतु त्यांनी तो मनावर घेतला आणि मौलवींकडे उर्दूचे धडे घेण्यास आरंभ केला. त्या शेऱ्यास आम्ही अन्याय म्हणणार नाही. उर्दूत 'जलील' म्हणजे थोर आणि 'ज़लील' म्हणजे अपमानित. तेथे 'ज' चुकला की कवीचा अर्थच उलटा होतो. इंग्लंडातील गायकांचीही हीच तऱ्हा. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९८३ साली दाखवून दिले की लिव्हरपूलच्या बीटल्स मंडळींचे आरंभीच्या गाण्यांतील उच्चार बरेचसे अमेरिकन वळणाचे होते आणि पुढे ते वळण कमी होत गेले. ज्या देशाकडून गाणे आले त्या देशाची जीभ उसनी घ्यावयाची, आणि आत्मविश्वास आला की आपल्या जिभेवर परतावयाचे, असा हा क्रम आहे.

आता आमच्या घरातला दाखला पाहू. पंडित भीमसेन जोशी यांचा जन्म १९२२ सालचा, धारवाड-गदग भागातला, मातृभाषा कानडी. त्यांचे गुरू सवाई गंधर्व हेही कुंदगोळचे, कानडी मुलखातलेच. कानडीत तालव्य 'च' आणि 'ज' आहेत, आपले दंत्य 'च' आणि 'ज' नाहीत. मराठीत मात्र हा भेद अर्थाचा आहे: थोडेसे या अर्थाचा 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाचा 'जरा' हे दोन निराळे शब्द केवळ या एका उच्चाराने वेगळे होतात. पंडितजींच्या अभंगगायनात ही कानडी ढब जाणत्या कानास कळते. कळते आणि आवडते! विठोबाला संतांनीच कानडा म्हटले आहे, तेव्हा त्याच्या अभंगात थोडे कानडी वळण आले तर बिघडले कुठे, असे आपण कौतुकाने म्हणतो. आम्हीही म्हणतो. त्या गायनात भक्तीचा जो आवेग आहे त्यापुढे दंत्य-तालव्याचा हिशेब मांडणारा मनुष्य अरसिक होय, यात शंका नाही.

मग हाच उदारपणा वऱ्हाडी जिभेच्या वाट्यास का येऊ नये? आमच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो: डोळा तो डोया, काळा तो काया. 'ण'चा 'न' होतो, 'मला'चे 'मले' होते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्या मुली भुलाबाईची गाणी म्हणतात ती याच जिभेने. तीच मुलगी शाळेच्या समारंभात किंवा गायनाच्या स्पर्धेत उभी राहिली की तिला पहिली ताकीद मिळते ती 'ळ' नीट म्हणण्याची. ताकीद देणारा शिक्षकही वऱ्हाडातलाच असतो. नाटकात आणि चित्रपटात वऱ्हाडी ऐकू येते ती बहुधा हशा पिकविण्यासाठी. तिच्यात कोणी विरह गाईल हे प्रेक्षकांस संभवनीयच वाटत नाही.

याविषयी एका गाण्याची कथा फार बोलकी आहे. अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांनी वऱ्हाडी शेतकऱ्याच्या पेरणीचे गीत वऱ्हाडीत लिहिले. त्यांच्या काव्यसंग्रहाचे नावच 'काया मातीत मातीत' असे आहे. हे गीत १९८१ सालच्या 'अरे संसार संसार' या चित्रपटात आले. अनिल-अरुण यांचे संगीत, आणि स्वर कारवारकडच्या अनुराधा पौडवाल व कोल्हापूरचे सुरेश वाडकर यांचे. गीत घरोघर पोहोचले, परंतु पोहोचताना 'काया'चे 'काळ्या' झाले. बदल एका अक्षराचा. हे कोणी दुष्टपणाने केले असे आम्ही म्हणत नाही. मुंबई-पुण्याच्या श्रोत्यास 'काया' म्हणजे शरीर वाटेल, ही भीती समजण्यासारखी आहे. दोन्ही गायकांचे गाणे सुरेख आहे, आणि त्यांच्यामुळेच वऱ्हाडातली तिफण महाराष्ट्रभर गेली हे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. पण कवीने 'काया' लिहिले ते त्याला 'काळ्या' येत नव्हते म्हणून नव्हे. उर्दू कवीच्या 'ज़'साठी गायिकेने मौलवी ठेवावा हे ज्यांस योग्य वाटते, त्यांस वऱ्हाडी कवीच्या 'य'साठी एखादा अकोल्याचा वा वाशीमचा माणूस चार घटका बोलवावा, हे का सुचू नये?

कोणी म्हणेल, सर्वत्र बोलीचे उच्चार चालवले तर भावगीताची दुर्दशा होईल. आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. प्रमाण मराठीत लिहिलेल्या गीतात 'बाळ'च्या जागी 'बाय' आले तर आईच्या मांडीवरचे मूल एकदम बाईमाणूस होऊन बसेल. तेथे शिक्षकाने कान पिळावा हेच बरे. गाण्यात कोणता उच्चार हवा हे शब्द लिहिणाऱ्याने ठरविलेले असते. गायकाचे गाव ते ठरवीत नाही आणि राजधानीही ठरवीत नाही. २०१६ सालच्या 'सैराट'मधील गाणी ग्रामीण वळणाची आहेत. ती गाताना श्रेया घोषाल या बंगाली आणि चिन्मयी श्रीपाद या तामीळ गायिकांनी ते वळण मेहनतीने उचलले, आणि आपण त्यांस मनापासून दाद दिली. दाद योग्यच होती. मात्र जे वळण परगावच्या गायिकेने उचलले म्हणजे कला ठरते, तेच गावच्या मुलीच्या तोंडी उपजत असले म्हणजे अडाणीपणा ठरते, हा न्याय आम्हांस उमगत नाही.

येथे वाशीमचा जुना लौकिक आठवल्यावाचून राहत नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथला राजा सर्वसेन याने 'हरिविजय' हे काव्य लिहिले ते संस्कृतात नव्हे, महाराष्ट्री प्राकृतात. काव्यरीतींत कोमल मानली गेलेली जी वैदर्भी, तिला राजशेखराने 'कर्पूरमंजरी'त 'वच्छोमी' म्हटले आहे, म्हणजे वत्सगुल्माची. आणि 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह त्याने याच नगरात लावून दिला आहे. अर्थात या ताम्रपटी वैभवाने आज स्पर्धेत उभ्या राहिलेल्या मुलीचा प्रश्न सुटत नाही, आणि त्यावर फुशारकी मारणाऱ्या आमच्या गावकऱ्यांनीच आपल्या मुलांस बाहेर गेल्यावर वऱ्हाडी बोलू नका असे बजावलेले असते. शिवाय याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. तेथे जमणाऱ्या बंजारा बांधवांची भजने गोरबोलीत असतात. त्यांच्या तांड्यातील मुलाला तर प्रमाण मराठी आणि वऱ्हाडी या दोन्ही परक्याच जिभा. त्याच्या उच्चारास हसणाऱ्यांत वऱ्हाडी माणूस नसतो असे म्हणवत नाही.

वऱ्हाडी जिभेस एकदाच निरपवाद मान मिळाला, तो गाडगेबाबांच्या कीर्तनात. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्रे येथे झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. ते मुद्दाम ऐकावे. समोर मुंबईचा समाज आहे, पण बाबांनी त्याच्यासाठी जीभ बदललेली नाही. प्रश्न विचारावा, लोकांकडून उत्तर वदवून घ्यावे, मध्येच भजन उचलावे, सारे आपल्याच बोलीत. कोणी म्हणतील, ते संत होते, त्यांस सूट होती. असेल. परंतु त्या ध्वनिमुद्रणात भजनाचा जो उठाव आहे तो त्या बोलीच्या ठेक्यावरच उभा आहे. शब्द शुद्ध करून तेच भजन म्हणून पाहावे, म्हणजे ठेका कोठे मोडतो ते कळेल. आमच्याकडील गायनवर्गांत पेटी, तबला आणि 'ळ'चा सराव असतोच; त्याबरोबर हे ध्वनिमुद्रणही वर्षातून एकदा मुलांस ऐकविले जावे.