आपद्धर्म आणि न संपणारी आपत्ती : ‘द वॉकिंग डेड’ मालिकेतील तगण्याच्या रीती व पात्रांची निवड

‘द वॉकिंग डेड’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका ए.एम.सी. वाहिनीवर ३१ ऑक्टोबर २०१० ते २० नोव्हेंबर २०२२ या काळात अकरा पर्वांत प्रसारित झाली. तिचे एकूण भाग १७७. रॉबर्ट कर्कमन यांनी २००३ मध्ये सुरू केलेली आणि २०१९ मध्ये १९३ व्या अंकावर थांबवलेली चित्रकथामाला हा तिचा मूलाधार. दूरचित्रवाणीसाठी तिची प्रथम उभारणी फ्रँक डॅराबाँट यांनी केली. मालिका हे लोकरंजनाचे माध्यम आहे म्हणून तिला वाङ्मयीन समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवावे, हा आग्रह आता कोणी फारसा धरत नाही. त्या वादात न शिरता प्रस्तुत लेखात या मालिकेतील एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. जिवंत राहण्यासाठी जे केले जाते आणि माणूस म्हणून जे निवडले जाते, त्यांचे नाते ही मालिका कसे मांडते?

मराठी वाचकाला ‘झोंबी’ म्हटले की आनंद यादव यांचे आत्मकथन आठवते आणि झुंज, झटापट हा अर्थ मनात येतो. हैतीच्या लोकसमजुतीतून आलेल्या त्या परकीय शब्दाशी याचा व्युत्पत्तीचा काहीही संबंध नाही. पण योगायोग अर्थपूर्ण आहे. हैतीतील तो जिवंत मुडदा मूलतः राबवून घेतला जाणारा गुलाम होता, त्याला मालक होता. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटाने मालक काढून टाकला आणि मागे फक्त भूक ठेवली. कर्कमन यांची सृष्टी त्याच परंपरेतली. मालिकेतली माणसे मात्र हा रूढ शब्द वापरत नाहीत. रिक ग्राइम्सच्या गटात ‘वॉकर’ म्हणतात, वुडबरी गावात ‘बायटर’. कोणी त्यांच्या चालण्याकडे पाहून नाव देतो, कोणी चावण्याकडे पाहून; भय कोठे दडले आहे ते नावावरून कळते.

तगण्याचे तंत्र सुरुवातीच्या काही भागांतच स्पष्ट होते आणि पुढे फारसे बदलत नाही. मेंदू नष्ट केल्याशिवाय मुडदा थांबत नाही. आवाजाकडे तो ओढला जातो, म्हणून बंदुकीची गोळी एकाला पाडते आणि पन्नासांना बोलावते. सुरी, कुऱ्हाड, बाण ही शस्त्रे म्हणूनच मोलाची. चावा हातापायाला असेल आणि तत्काळ अवयव तोडला तर जीव वाचू शकतो. तुरुंगात रिक हर्शलचा पाय तोडतो तो याच हिशेबाने. गंधाने जिवंत-मृताचा भेद कळतो, म्हणून दुसऱ्याच भागात रिक आणि ग्लेन मुडद्याची आतडी अंगाला फासून अटलांटाच्या रस्त्यातून चालतात आणि पावसाची सर आली की त्यांचे संरक्षण धुऊन निघते. (वर्षानुवर्षे पेट्रोल आणि काडतुसे कशी पुरतात, हा प्रश्न प्रेक्षकाने विचारायचा नसतो.) या अंग माखण्याचा प्रवास लक्षणीय आहे. मिशोन जबडा व हात काढलेले दोन मुडदे साखळीने सोबत बाळगते, तेव्हा हे तंत्र सवय होऊ लागलेले असते. नवव्या पर्वातील अल्फाची टोळी तर मुडद्यांच्या चामड्याचे मुखवटे घालून त्यांच्या कळपात वावरते, आणि ते तिचे तत्त्वज्ञानच होते. घटकाभरासाठी घेतलेले सोंग अंगाला चिकटते.

येथे आपल्याकडील ‘आपद्धर्म’ ही संकल्पना उपयोगी पडते. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला विश्वामित्राची कथा सांगतो. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकूळ झालेला ऋषी चांडाळाच्या घरात कुत्र्याचे मांस चोरावयास शिरतो, आणि तो चांडाळच त्याला धर्म सांगून परावृत्त करू पाहतो. विश्वामित्र ऐकत नाही. तथापि ते मांस तो विधिपूर्वक देवांना भाग देऊन सेवन करू पाहतो, आणि पाऊस पडतो. या कथेत तीन गोष्टी गृहीत आहेत : कृत्य निषिद्ध आहे हे कर्त्याला पूर्णपणे ठाऊक आहे, त्याला अडवणारा आवाज समोर उभा आहे, आणि आपत्तीला शेवट आहे. आपद्धर्म हा अवधीचा धर्म आहे. ‘द वॉकिंग डेड’ या तिन्ही गृहीतांपैकी तिसरे काढून घेते. पाऊस पडतच नाही. पहिल्या पर्वाच्या अखेरीस शास्त्रज्ञ जेनर रिकच्या कानात जे सांगतो ते दुसऱ्या पर्वाच्या शेवटी उघड होते : संसर्ग सर्वांनाच झालेला आहे, चावा नसतानाही मेलेला उठणारच. म्हणजे आपत्ती बाहेर नाही, आणि म्हणून ती संपणारही नाही. अकरा पर्वे चालवावयाच्या व्यावसायिक मालिकेला हे सोयीचे होते हे खरे. परंतु त्या सोयीतूनच तिचा नैतिक पेच निर्माण झाला आहे.

दुसरे गृहीत, म्हणजे अडवणारा आवाज, मालिका आरंभी जपते आणि मग एकेक करून बंद करते. दुसऱ्या पर्वात पकडलेल्या रँडल या तरुणाला ठार करावे असे ठरत असता वृद्ध डेल प्रत्येकाकडे जाऊन विनवतो. कोणी त्याच्या बाजूने ठामपणे उभे राहत नाही, आणि त्याच रात्री मुडदा त्याचे पोट फाडतो. संहिताकारांचा हा डाव मला अप्रामाणिक वाटतो. युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी युक्तिवाद करणाऱ्याला मारले आहे. हाच दोष शेनच्या बाबतीत उलट बाजूने दिसतो. जखमी कार्लच्या शस्त्रक्रियेची सामग्री घेऊन परतताना शेन ओटिसच्या पायावर गोळी झाडतो, त्याला मुडद्यांच्या तोंडी देतो आणि स्वतः निसटतो. त्या सामग्रीमुळे कार्ल वाचतो. कथानकाने शेनच्या गणिताला असा ताळा मिळवून दिला की प्रेक्षकाने त्याला दोष देताना कार्लचे प्राण नाकारावे लागावेत.

असे असूनही ही मालिका अभ्यासनीय ठरते ती कॅरल या व्यक्तिरेखेमुळे. नवऱ्याचा मार सोसणारी आणि मुलगी सोफियाला गमावणारी ही स्त्री चौथ्या पर्वात तुरुंगातील मुलांना गोष्टी सांगण्याच्या निमित्ताने गुपचूप सुरी चालवावयास शिकवते. साथीचा ताप पसरतो तेव्हा तो थांबावा म्हणून ती कॅरेन आणि डेव्हिड या दोन आजाऱ्यांना ठार करून जाळते. येथे पटकथेने ताळा जमू दिलेला नाही : साथ थांबत नाही. त्याच वेळी हर्शल रुग्णांच्या विलगीकरणात स्वतः शिरून काढा पाजत बसतो. हा तोच हर्शल, ज्याने दुसऱ्या पर्वात मुडद्यांना आजारी माणसे समजून कोठारात कोंडून ठेवले होते आणि जो तेव्हा भाबडा ठरला होता. वृत्ती तीच, तेथे ती भ्रम ठरली आणि येथे तीच रुग्णसेवा झाली. आजारी कोण आणि मृत कोण, हा भेद नीट करता येणे हेच मग खरे कौशल्य ठरते, आणि कॅरलने चूक केली ती याच ठिकाणी. तिने जिवंत आजाऱ्यांना उद्याचे मुडदे मानले.

रिक तिला गटाबाहेर काढतो. मार्च २०१४ मध्ये प्रसारित झालेल्या ‘द ग्रोव्ह’ या भागात तिच्या कृत्याचा आरसा तिच्यासमोर येतो. मुडदे हे आपले मित्र आहेत अशी दृढ समजूत झालेली लिझी ही बालिका धाकट्या बहिणीला, मिकाला, सुरीने मारते, ती परत उठेल या विश्वासाने. सुरी कशी धरावी हे कॅरलने शिकवलेले आहे. जगण्याचे शिक्षण मुलीने घेतले. जगणे म्हणजे काय, ते मात्र तिला कोणी सांगितले नव्हते. तान्ह्या ज्युडिथजवळ लिझीला ठेवता येणार नाही, म्हणून कॅरल तिला फुलांकडे पाहावयास सांगते आणि मागून गोळी झाडते. त्यानंतरचे दृश्य अधिक महत्त्वाचे. टेबलावर पिस्तूल टायरीसच्या दिशेने सरकवून ती कॅरेनच्या हत्येची कबुली देते. कॅरेन त्याची प्रेयसी होती. तो क्षमा करतो, पण विसरणार नाही हेही स्पष्ट करतो. आपद्धर्माच्या चौकटीत प्रायश्चित्ताला जे स्थान आहे ते येथे दोन माणसांमध्येच, कोणत्याही विधीवाचून, पार पडते. पुढच्या पर्वाच्या पहिल्याच भागात हीच निष्कासित स्त्री अंगाला मुडद्याचे रक्तमांस फासून ‘टर्मिनस’मध्ये शिरते आणि तिला हाकलणाऱ्या रिकला सोडवते.

टर्मिनसची माणसेही एके काळी आश्रय देणारी होती. अत्याचारी टोळीने त्यांना लुटले, छळले. त्यातून त्यांनी ठरवले की कापणारा व्हायचे, कापला जाणारा नव्हे. विश्वामित्राच्या कथेचे हे विकृत रूप होय. येथे निषिद्ध मांस चोरून नव्हे, नेमाने शिजते. आणि नियम झालेल्या कृत्याला अपवादाची लाज उरत नाही.

रिकचा गट यापासून किती दूर आहे, हे सहाव्या पर्वात तपासले जाते. अन्नाच्या बदल्यात हिलटॉप वस्तीसाठी तो निगनच्या माणसांच्या ठाण्यावर रात्री हल्ला करतो आणि झोपलेल्यांना मारतो. ग्लेन येथे प्रथमच जिवंत माणसाला मारतो. सुरुवातीस रणगाड्यात अडकलेल्या अनोळखी रिकला केवळ माणुसकीने वाट दाखवणारा तोच हा ग्लेन. तगण्याच्या निव्वळ हिशेबानेही हा निर्णय फसलेला आहे : शत्रूचे बळ किती हे न जाणताच कराराची किंमत ठरवली होती. ऑक्टोबर २०१६ च्या भागात निगन अब्राहम आणि ग्लेन यांना ठार करतो. त्या भागातील क्रौर्याचे तपशीलवार प्रदर्शन अनावश्यक होते, असे अनेक प्रेक्षकांना वाटले आणि ते रास्त आहे. प्रश्नाची धार तेथे रक्ताच्या चिळकांड्यांत बुजते.

आठव्या पर्वाच्या अखेरीस, २०१८ मध्ये, रिक निगनचा गळा चिरतो आणि लगेच सिद्दीकला त्याला वाचवावयास सांगतो. मरण्यापूर्वी कार्लने केलेली विनवणी त्यामागे आहे. ग्लेनची पत्नी मॅगी आक्रोश करते, आणि तिचा आक्रोश खोटा ठरवण्याचा प्रयत्न मालिका करत नाही. निगनला मारायचे नाही, कोठडीत ठेवायचे, रोज जेवण द्यायचे. म्हणजे तुरुंग, पहारा, शिधा, आणि उद्या परवा कोणीतरी त्याचा हिशेब विचारील ही अपेक्षा, हे सारे पुन्हा उभे करायचे. वध हा सोपा उपाय होता. कैद ही आपत्ती संपली असे मानून टाकलेले पाऊल आहे, आणि त्याची किंमत मॅगीला मोजावी लागते.